घरातला कर्णा : जुना की नवा?

कर्णा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विजेच्या खांबाला बांधलेला करड्या रंगाचा भोंगा उभा राहतो. सभा असो, लग्न असो की निवडणुकीची जीप असो, आधी तो ऐकू येतो आणि मग माणसे दिसतात. अशी वस्तू कोणी दिवाणखान्यात ठेवील, आणि तीही गाणी ऐकण्यासाठी, हे आपल्याकडे सांगितले तर ऐकणारा हसेल. परंतु अमेरिकेत पाऊणशेहून अधिक वर्षे घरगुती कर्ण्यांची परंपरा चालत आली आहे. हे कर्णे खांबावर नसतात. अक्रोडाच्या किंवा ओकच्या लाकडी पेटीत, पुढे कापडी जाळी लावून ते बसवलेले असतात. पाहुण्याला ते कपाट वाटते. आतमध्ये मात्र आपला ओळखीचा कर्णाच असतो.

आमच्या घरात अशा कर्ण्यांच्या दोन पिढ्या एकत्र नांदत होत्या. एक जोडी १९७८ सालची आणि दुसरी २०२१ साली घेतलेली. मोठे घर सोडून लहान घरात जायचे ठरले, तेव्हा दोन्ही जोड्यांना दिवाणखान्यात जागा उरली नाही. कोणती ठेवायची, यावर घरात पंधरा दिवस चर्चा चालली. तिचा निकाल लावताना जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो. हा प्रश्न दोन लाकडी खोक्यांपुरता असता तर लिहिण्याची तसदी घेतली नसती. तो माझ्या वडिलांच्या कानांचाही होता.

दोन्ही पिढ्या घरात कशा आल्या

मी मूळचा परळचा. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, गिरणीच्या साचेखात्यात होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लागले ते १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होईपर्यंत साच्यांपुढे उभे होते. ज्यांनी साचेखाते पाहिले आहे त्यांना सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी सांगतो. एका छपराखाली शेकडो साचे, प्रत्येकात धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आपटत जाणार. शेजारचा माणूस कानाशी तोंड नेऊन ओरडला तरच कळणार. तिथली माणसे ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून बोलायला शिकत. आबा चाळिशीत आले तेव्हाच घरी आम्ही मोठ्याने बोलायला लागलो होतो.

मी शाळेत असतानाच संध्याकाळी एका लाऊडस्पीकरवाल्याकडे कामाला जात असे. कर्णे खांद्यावरून न्यायचे, खांबावर चढून बांधायचे, जळलेल्या युनिटचा डायफ्रॅम बदलायचा, हे माझे पहिले शिक्षण. तेच पुढे उपयोगी पडले. १९८८ साली मी अमेरिकेत आलो आणि टेक्सास राज्यात डलास शहराजवळ इलेक्ट्रॉनिक यंत्रे दुरुस्त करण्यात आयुष्य काढले. १९९६ मध्ये एक गोरा सहकारी निवृत्त झाला. त्याने जाताना आपली १९७८ सालची स्पीकरची जोडी मला स्वस्तात दिली. क्लिप्श कंपनीचे ‘हेरेसी’ नावाचे स्पीकर ते. नवी जोडी माझ्या मुलाने घेतली. कंपनी तीच, नाव तेच, फक्त पिढी चौथी. तिला जोडीमागे तीन हजार डॉलरच्या घरात किंमत पडली.

पहिल्याच दिवशी मी जुन्या पेटीची मागची फळी उघडली. मधल्या कर्ण्यामागे जे युनिट दिसले ते पाहून हसू आले. ते ॲटलास कंपनीचे होते, आणि ॲटलास म्हणजे सार्वजनिक सभांचे भोंगे बनवणारी कंपनी. परळच्या दुकानात ज्या घडणीचे युनिट मी फडक्यात गुंडाळून नेत असे, त्याच घडणीचे युनिट इथे अक्रोडाच्या पेटीत बसले होते.

कर्णा नेमके काय करतो

दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरून हाक मारली की ती लांब जाते. घशाचा जोर तेवढाच असतो. ओंजळीमुळे तो जोर चहूकडे न सांडता एका दिशेला जातो. कर्ण्याचे काम याच प्रकारचे, पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. हवा फार हलकी असते. मोकळ्या हवेत पातळ पडदा हलवला तर त्याची बरीचशी शक्ती वाया जाते. तोच पडदा अरुंद नळीच्या तोंडाशी ठेवला तर समोरची हवा दबते, पडद्याला धरायला काहीतरी मिळते. मग ती नळी हळूहळू रुंद होत गेली की दाबाचे रूपांतर मोठ्या आवाजात होते. सनईचे आणि तुतारीचे तोंड पुढे उमलत जाते त्यामागचे कारणही हेच.

याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. साधा घरगुती स्पीकर एका वॅटला एक मीटर अंतरावर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. कंपनीच्या कागदानुसार जुना हेरेसी ९६ आणि नवा ९९ डेसिबल देतो. ८७ आणि ९९ यांत फरक बाराचाच दिसतो, पण डेसिबलचे गणित निराळे आहे. बारा डेसिबल म्हणजे सुमारे सोळापट शक्ती. साध्या स्पीकरला सोळा वॅट लागतील तिथे कर्ण्याला एक पुरतो. शिवाय पडदा थोडाच हलतो म्हणून आवाज फाटत नाही.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले, तेव्हा अँप्लिफायर मोजक्या वॅटचे असत. एवढ्या शक्तीत भरलेले थिएटर ऐकवायचे तर कर्ण्याशिवाय इलाज नव्हता. आपल्याकडे जुन्या पुढाऱ्यांच्या छायाचित्रांत ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी असलेला माईक दिसतो, त्या काळातल्या मैदानी सभांचीही हीच गरज होती. कमी विजेत जास्त माणसांपर्यंत शब्द पोचवणे, हा कर्ण्याचा जन्मापासूनचा धर्म आहे.

होप गावचा हट्टी माणूस

हा कर्णा घरात आणण्याचे मोठे श्रेय पॉल विल्बर क्लिप्श या इंजिनियरला जाते. त्याचा जन्म १९०४ चा, इंडियाना राज्यातला. तरुणपणी तो चिली देशात विजेवर चालणाऱ्या आगगाड्यांची देखभाल करीत होता. दुसऱ्या महायुद्धात आर्कान्सा राज्यातल्या होप या लहानशा गावाजवळ तोफगोळ्यांच्या चाचणीतळावर त्याची नेमणूक झाली. युद्ध संपले, तळ बंद झाला, पण हा माणूस तिथेच राहिला. १९४६ मध्ये त्याने स्पीकर बनवायला सुरुवात केली, तीही एका पत्र्याच्या शेडमध्ये. पुढे त्याने त्याच तळावरच्या टेलिफोन एक्स्चेंजची इमारत घेतली. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे. डलासहून महामार्ग ३० ने तीन-सव्वातीन तासांत तिथे पोचता येते. होपचेच आणखी एक नाव वाचकांना ठाऊक असेल. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांचा जन्म १९४६ मध्येच या गावात झाला.

क्लिप्शपुढे अडचण अशी होती की, खालचा सूर वाजवायला कर्णा प्रचंड मोठा लागतो. ५० हर्ट्झच्या सुराची एक लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते. एवढा कर्णा घरात कुठे मावणार? त्याने तो लाकडी फळ्यांनी घडी घालून पेटीत बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. म्हणजे पुढचा उरलेला कर्णा घराच्या दोन भिंतींनीच पुरा केला! हा त्याचा ‘क्लिप्शहॉर्न’. १९४६ पासून सत्तरहून अधिक वर्षे हा स्पीकर सतत बनत राहिला. १९६३ मध्ये त्याने ‘ला स्काला’ काढला, तो आर्कान्साचे गव्हर्नरपद लढवणाऱ्या विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या प्रचारसभांसाठी. म्हणजे तिकडेही सभेचा कर्णा आणि घरचा कर्णा एकाच घरातले भाऊ.

हेरेसी १९५७ चा. दोन क्लिप्शहॉर्न खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले की मधे पोकळी वाटे, ती भरायला ही एकटी छोटी पेटी बनवली. तिच्यात मधल्या आणि वरच्या सुरांना कर्णे आहेत, पण खालच्या सुरांना बारा इंची साधा कागदी शंकू आहे. कर्ण्यावर एवढी निष्ठा असलेल्या माणसाने खालच्या सुरांसाठी कर्णा सोडला, म्हणून कोणीतरी म्हटले, हे तर पाखंड! क्लिप्शने तेच नाव ठेवून दिले. हेरेसी या शब्दाचा अर्थ पाखंड. या माणसाच्या कोटाच्या कॉलरआड एक पिवळा बिल्ला असे. समोरचा थापा मारू लागला की कॉलर उलटवून तो दाखवायचा. बिल्ल्यावरचा शब्द कुटुंबाच्या पानात छापण्याजोगा नाही. २००२ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, होपमध्येच त्याचे निधन झाले.

मधल्या काळात कर्णा मागे पडला, हेही सांगितले पाहिजे. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर याने लहान हवाबंद पेटीतून खोल सूर काढून दाखवला. त्याला वीज जास्त लागे, पण पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले. घरे लहान होत गेली, पेट्याही लहान झाल्या. तरी होपमध्ये कर्णे बनत राहिले.

चार पिढ्यांत काय बदलले

पहिली पिढी १९५७ ची, दुसरी १९८५ ची, तिसरी २००६ ची आणि चौथी २०१९ ची. कर्ण्याचा मूळ नियम चौघींना एकच. बदलले ते साहित्य आणि आकार.

आमच्या जुन्या पेटीत मधल्या युनिटचा पडदा फिनॉलिक राळेत भिजवलेल्या कापडाचा आहे. तिसऱ्या पिढीत तो टायटॅनियम धातूचा झाला. नवे म्हणजे अधिक कडक, अधिक हलके, असे वाटून धातू आला. चौथ्या पिढीत मात्र मधल्या युनिटमधून धातू गेला आणि पॉलिइमाइड नावाच्या प्लॅस्टिकचा पडदा आला. सांगायचे तात्पर्य, प्रगती सरळ रेषेत जात नाही. एका पिढीने फेकलेला विचार पुढची पिढी निराळ्या कपड्यात परत आणते.

दुसरा बदल कर्ण्याच्या तोंडाचा. जुना कर्णा जसजसा वरचा सूर गातो तसतसा त्याचा झोत अरुंद होत जातो. समोर मधोमध बसलेल्याला सगळे स्पष्ट, बाजूला बसलेल्याला तेच थोडे पांघरुणाखालून. नव्या पेटीतल्या कर्ण्याचा बाक निराळा आहे. त्याला ट्रॅक्ट्रिक्स म्हणतात. तो सूर अधिक रुंद आणि सारखा पसरवतो.

तिसरा बदल खालच्या सुरांचा. पहिल्या तिन्ही पिढ्यांच्या पेट्या हवाबंद होत्या. चौथीला मागे हवेचे भोक, म्हणजे पोर्ट, दिले. कंपनीच्या कागदावर तिसरी पिढी ५८ हर्ट्झपर्यंत उतरते, चौथी ४८ पर्यंत. ढोलकीच्या डग्ग्याची घुमारी नव्या पेटीत पोटात जाणवते, जुन्या पेटीत ती फक्त कानाला कळते.

जुन्याच्या बाजूनेही काही आहे. तिचा प्रत्येक भाग स्क्रूने बसवलेला आणि हाताने बदलता येणारा. सत्तेचाळीस वर्षांनंतरही तिला लागणारे सुटे भाग मिळतात आणि साधे सोल्डरिंग येणारा माणूस ती दुरुस्त करू शकतो.

आजाऱ्याशी शर्यत

मुलाने पहिल्याच रात्री दोन्ही जोड्या आळीपाळीने वाजवल्या आणि निकाल दिला, “जुनी हरली, बाबा. हिचा आवाज मेलाय.” ऐकायला ते खरे होते. जुनी पेटी नाकात बोलत होती. पण दुरुस्तीचे काम केलेल्या माणसाला असा निकाल मान्य होत नाही. मी म्हटले, “आजाऱ्याला खाटेवरून उठवून तरण्याताठ्याशी धावायला लावलेस. आधी त्याला बरा कर, मग शर्यत लाव.”

पेटीच्या आत क्रॉसओव्हर नावाची एक पाटी असते. ती आलेला आवाज वाटून देते, खालचे सूर शंकूला, मधले एका कर्ण्याला, वरचे दुसऱ्याला. जुन्या हेरेसीत ही वाटणी साधारण ७०० आणि ६,००० हर्ट्झला होते. या वाटणीत कपॅसिटर काम करतात. ते पत्र्याच्या डबीसारखे, तेल भरलेले. चार-पाच दशकांत ते थकतात आणि कर्ण्याकडे जाणारा सूर वाटेतच अडवू लागतात. दोष कर्ण्यात नसतो, त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्यात असतो. मी चारही डब्या काढून त्याच मापाचे नवे कपॅसिटर लावले. खर्च फारसा आला नाही. अर्धी सुट्टी गेली.

ज्यांच्याकडे अशी जुनी यंत्रे असतील त्यांना एक सावधगिरीची सूचना. १९७० च्या दशकापर्यंतच्या तेलभरल्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचे घातक रसायन असू शकते. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी आली. डबी गळत असेल तर उघड्या हाताने तेल पुसू नका, हातमोजे घाला आणि ती डबी केराच्या टोपलीत टाकू नका. मुलांना तर तिथे फिरकूच देऊ नका.

नंतर आम्ही रीतसर परीक्षा घेतली. दोन्ही जोड्या एकाच जागी, एकाच अँप्लिफायरवर. नव्या पेटीचा आवाज मुळातच मोठा येतो, आणि मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो. म्हणून मापकाने दोन्हींचा आवाज सारखा केला. पुढे चादर टांगली. सौ., मुलगी आणि मुलगा ऐकायला बसले. आधी प्रल्हाद शिंदे यांची कव्वाली लावली, कारण त्यांचा उंच, खणखणीत गळा कर्ण्याची लबाडी चटकन उघडी पाडतो. मग ढोलकी, मग नुसते बोलणे.

निकाल असा : मधल्या खुर्चीत बसल्यावर गळ्याच्या बाबतीत कोणालाही खात्रीने जुनी-नवी ओळखता आली नाही. टाळ-झांजांची झळाळी नवीत अधिक मोकळी होती. खालचे सूर नवीत निःसंशय चांगले होते. आणि सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसल्यावर नवी उघडउघड जिंकली. जुनीपुढे एकच खुर्ची मानाची, बाकीच्यांनी उरलेसुरले ऐकायचे. नवीपुढे घरातली सगळी माणसे सारखी. माझ्या मते नव्या पिढीची खरी कमाई हीच आहे.

आईची कॅसेट

निकाल लागला असे सगळ्यांनी धरले. राहिले होते आबा.

आईचे २०११ साली निधन झाले आणि २०१२ पासून आबा आमच्याकडे आहेत. त्यांचे वय आता सत्त्याऐंशी. कानयंत्र आहे, पण घरात ते बहुधा डबीतच असते. त्यांचे गाऱ्हाणे एकच असते, “आवाज येतो रे, पण शब्द पोचत नाही.” त्यामागचे कारण असे की, वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने कानाचा वरच्या सुरांचा भाग आधी मरतो. अ, आ, ओ हे स्वर खालच्या सुरांचे, ते ऐकू येतात. स, श, च, त, क ही व्यंजने वरच्या सुरांची, ती गळतात. वाक्याचे मांस राहते, हाडे जातात. त्यातच खोलीच्या भिंतींवरून परत येणारा आवाज मूळ शब्दावर चढतो आणि उरलेसुरले पुसून टाकतो. कर्ण्याचा झोत भिंतींवर कमी सांडतो, सरळ माणसाकडे जातो. म्हणून कमी ऐकू येणाऱ्याला कर्ण्यातले बोलणे साध्या स्पीकरपेक्षा बरेचदा अधिक कळते.

आईला लिहिता येत नव्हते. मी अमेरिकेत आल्यावर ती शेजारच्या मुलाकडून टेपरेकॉर्डर मागून आणी आणि कॅसेटवर बोलून पाठवी. १९८९ ते १९९४ या काळातल्या अशा सात कॅसेट माझ्याजवळ आहेत. आबांना त्या ऐकायची फार इच्छा. आजवर ते ऐकत बसत, मान हलवत, आणि शेवटी म्हणत, “तिचा आवाज आहे.” यापुढे काही नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी मी दुरुस्त केलेली एकच जुनी पेटी त्यांच्या खोलीत नेली. ते खिडकीपाशी बसतात त्या खुर्चीपासून पाच-सहा फुटांवर ठेवली आणि कर्ण्याचे तोंड नेमके त्यांच्याकडे वळवले. कॅसेटवरचा आवाज मुळात एकाच माईकचा, त्याला दोन पेट्यांची गरज नव्हती. शिवाय तसल्या स्वस्त टेपवर फार वरचे सूर भरलेलेच नसतात. जे आहे ते सगळे मधल्या पट्ट्यात, म्हणजे जुन्या कर्ण्याच्या हक्काच्या जागेत. आवाज जेवणाच्या टेबलावर बोलावे एवढाच ठेवला.

कॅसेट १९९१ ची होती. आई पाण्याचे सांगत होती, शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचे सांगत होती. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, “हे हितंच बसल्यात, पर ह्यांना ऐकू येत न्हाई, म्हणून सांगते. तुझं पत्र आलं की उशाखाली ठिवत्यात. चार चार दिस ठिवत्यात. इचारलं तर म्हणत्यात, कागद हाय, वाऱ्यानं उडंल.”

आबांनी हात वर केला. मी टेप थांबवली. ते म्हणाले, “मागं घे.” मी मागे घेतली. त्यांनी पुन्हा ऐकले आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. शेवटी म्हणाले, “मी शेजारीच बसलो होतो. तिचे ओठ हलताना बघत होतो. मला वाटलं, माझी कागाळी करतेय.”

आम्ही सगळे दारात उभे होतो. मुलाने जुन्या पेटीबद्दल त्यानंतर काही म्हटले नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. नवी पेटी तशीच जवळ आणून तशीच वळवली असती तरी ते शब्द पोचलेच असते. हा जुन्याचा चमत्कार नव्हता. पण दुरुस्त केलेली जुनी पेटी त्या कामाला पुरेपूर पुरली, आणि त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागले नाही. नवी जोडी दिवाणखान्यात राहिली, कारण तिथे चार माणसे चार जागी बसतात आणि सगळ्यांना सारखे ऐकू यायला हवे. जुन्या जोडीतली एक पेटी आबांच्या खोलीत गेली. दुसरी मुलीने आपल्या घरी नेली आणि रेडिओला जोडली. जोडी फोडली की बाजारात किंमत उतरते, असे मुलगा म्हणाला. बाजारात जायचेच नव्हते, मग किंमत कोणाला विचारायची? शिवाय हेरेसी १९५७ मध्ये जन्मली तीच मुळी एकटी पेटी म्हणून.

चांगल्या आवाजाचा धोका

शेवटी तरुण वाचकांसाठी दोन शब्द. साधा स्पीकर फार मोठा केला की फाटतो, कर्कश होतो, आणि माणूस आपण होऊन आवाज कमी करतो. चांगला कर्णा फाटत नाही. तो ९५ डेसिबलवरही गोड वाजतो. म्हणून तो धोक्याची सूचना देत नाही. हे जुन्या आणि नव्या दोन्ही पिढ्यांना सारखेच लागू आहे.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने घालून दिलेली मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. साचेखात्यातला आवाज अनेकदा १०० च्या आसपास असे. म्हणजे आबांच्या कानांची दिवसाची मर्यादा पाळी सुरू झाल्यावर पाव तासात संपत होती. उरलेले पावणेआठ तास, आणि अशी सव्वीस वर्षे, ते कानांच्या मुद्दलातून फेडत होते. त्यांना पर्याय नव्हता. आपल्याला आहे. आवाज मोजण्याचे साधन आता मोबाईलमध्येही मिळते. ते अगदी काटेकोर नसले तरी अंदाज देते. मुलांच्या खोलीत एकदा मोजून पाहा.

आणि घरात स्पीकर घ्यायची वेळ आली, जुना असो की नवा, तर दुकानदार वॅट सांगेल, वर्ष सांगेल, लाकूड दाखवील. ते ऐकून घ्या. मग घरातल्या सर्वांत कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सोबत न्या. त्याला मधल्या खुर्चीत न बसवता, घरी तो जसा बाजूला बसतो तसा बाजूला बसवा. आवाज बेताचा ठेवा, नुसते कोणाचे तरी बोलणे लावा, आणि शब्द कळले का, एवढेच त्याला विचारा.